सहा फूट तीन इंचांची पाठवणी

खोली बघायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी मला पहिला प्रश्न उंचीचा विचारला. दुसरा जन्मवेळेचा. तिसरा, "पुढचा काय विचार आहे?"

मी म्हटलं, "काका, मला खोली पाहिजे."

"ते कळलं गं. खोली वर आहे, डावीकडची. पण विचार काय आहे?"

हे डॉक्टर. मिडलंड्समधली सगळी मराठी माणसं त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायची. त्यातली निम्मी स्वतःच डॉक्टर होती, तरी कधी घोटाळा व्हायचा नाही. मिरजेला शिकलेले, सत्तरच्या दशकात इंग्लंडला आलेले आणि तिथल्या हॉस्पिटलांत जन्मभर लोकांना भूल देत आलेले. मी दोन हजार पाचच्या सुमारास नागपूरहून कॉव्हेंट्रीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत वर्क परमिटवर आले, तेव्हा त्यांना रिटायर होऊन चारेक वर्षं झाली होती. काकूंना जाऊन दहा. एक मुलगी होती, लीड्सला. तिचा फोटो हॉलमध्ये होता, पण विषय नव्हता. घरात विषय नसलेलं माणूस असलं की मला चैन पडत नाही, पण मी भाडेकरू होते, गप्प बसले.

हॉस्पिटल सुटलं तरी डॉक्टरांची भूल सुटली नव्हती. कुणी चिडलं, रडलं, घाबरलं की ते शांतपणे म्हणायचे, "दहापासून उलटं मोज." बॉयलर बिघडल्यावर आलेला प्लंबर पार्ट मिळत नाही म्हणून वैतागला होता, त्यालाही त्यांनी मोजायला लावलं. तो बिचारा सहापर्यंत गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण हे का करतोय.

दुसरं खूळ लेबलांचं. भूल देणाऱ्या माणसाला म्हणे प्रत्येक सिरिंजवर लेबल लावावं लागतं. काय भरलंय, कधी भरलंय, कुणासाठी भरलंय. लेबल नाही ती सिरिंज फेकायची. हा नियम त्यांनी अख्ख्या घराला लावला होता. कोथिंबिरीच्या चटणीवर लेबल. माझ्या दुधाच्या बाटलीवर माझं नाव, तारीख आणि खाली डॉक्टरांची सही. एकदा मी म्हटलं, "काका, घरात आपण दोघं. चटणी कुणाची हे कळायला सही कशाला लागते?"

"ज्याच्यासाठी भरली त्यालाच गेली पाहिजे. दुसऱ्याला गेली की संपलं."

"चटणी आहे, काका."

"सवय आहे," ते म्हणाले आणि लोणच्याकडे वळले.

पण त्यांचा खरा उद्योग होता लग्नं जुळवण्याचा. एकेचाळीस लग्नं त्यांनी जुळवली होती. बर्मिंगहॅमचे हाडांचे डॉक्टर कॉव्हेंट्रीच्या बालरोगतज्ज्ञ मुलींना दिले, मेडनहेडची सॉफ्टवेअरवाली पोरं जिथे जागा दिसेल तिथे बसवली. निळ्या फाईलमध्ये मुलं, पिवळीत मुली. मला पिवळीत घालायचा त्यांचा डाव मी पहिल्याच आठवड्यात ओळखला आणि दोनेक महिन्यांनी एकदाचं स्वच्छ सांगितलं की मला लग्न करायचं नाही, बायोडेटा मिळणार नाही आणि जन्मवेळ माझ्या आईलाही आठवत नाही. यातलं शेवटचं खोटं होतं.

"बरं," ते म्हणाले. "मग पत्रिका जुळत नाही असं कळवतो."

"कुणाला?"

"तिघांना."

डॉक्टरांचा पत्रिकेवर काडीचाही विश्वास नव्हता, हे मला तेव्हा कळलं. पत्रिका त्यांना लागायची ती नकारासाठी. "हे बघ," त्यांनी मला समजावलं, "मुलगी आवडली नाही, मुलाचा पगार कमी वाटला, असं तोंडावर सांगितलं की माणूस जन्मभर विसरत नाही. नकार भूल देऊन द्यायचा असतो. पत्रिका जुळत नाही म्हटलं की दोष कुणाचाच नाही. दोष मंगळाचा. मंगळ लांब आहे."

मी नाही म्हटल्यामुळे डॉक्टर रिकामे झाले. पुढे जे घडलं त्याला थोडी मीही जबाबदार आहे, हे मला मान्य आहे. कारण त्याच आठवड्यात अमेरिकन आला.

अमेरिकन सहा फूट तीन इंच होता, चोवीस वर्षांचा, ओहायोचा. फुटबॉल खेळायचा. तो त्याला सॉकर म्हणायचा, आणि ते ऐकल्यापासून कोपऱ्यावरचा दुकानदार त्याच्याशी नीट बोलत नव्हता. दुकानाच्या काचेवरची आमची चिठ्ठी वाचून तो खोली बघायला आला, आणि डॉक्टरांनी पुढचा विचार विचारल्यावर त्या साध्या पोरानं सगळंच सांगून टाकलं. तो मागे, गोलच्या पुढ्यात उभा राहून समोरच्याला अडवायचा. तिकडे कुठल्याशा लहान लीगमध्ये होता, आता त्याला युरोपातल्या क्लबात यायचं होतं. अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या क्लबनं त्याला सहा आठवडे सरावाला येऊ दिलं होतं. आवडलास तर घेऊ, म्हणाले. ऑगस्ट संपला की युरोपातल्या क्लबांना खेळाडू घेता येत नाहीत. तोवर कुणी घेतलं नाही तर परत ओहायो, बापाचं टायरचं दुकान. बापानं काउंटरमागची खुर्ची आधीच बदलून ठेवली होती, ह्याच्या उंचीची.

"त्या खुर्चीचा फोटो पाठवलाय त्यानं," अमेरिकन म्हणाला आणि हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अगं, हा स्थळ बघतोय."

"काका, तो क्लब बघतोय."

"तेच ते. परक्या घरी जाणार, त्यांच्या रीतीनं राहणार, पसंत पडायला हवं आणि मुदत जवळ आलीय. याचं करणारं कुणी नाही का?"

एक एजंट होता, पण तो फोन उचलत नव्हता. डॉक्टरांनी अमेरिकनाला उजवीकडची खोली दिली आणि जन्मवेळ विचारली. त्यानं ओहायोला फोन लावून आईला विचारली. पहाटे चार दहा. ती मिळाल्यावर त्यांनी पिवळी फाईल काढली.

मी म्हटलं, "निळी काढा. मुलगा आहे."

"घर सोडून कोण जाणार? तो. मग आपण मुलीकडचे. नमतं आपण घ्यायचं."

फोलशिल रोडवर एक फोटोग्राफर होता. मिडलंड्सच्या सगळ्या उपवर मुली त्याच्याकडे कुंडीशेजारी उभ्या राहून फोटो काढायच्या. अमेरिकनही काढून आला, लाल जर्सी, एक हात कुंडीवर. कुंडी त्याच्या गुडघ्याशी येत होती, त्यामुळे तो किंचित वाकला होता आणि चक्क लाजल्यासारखा दिसत होता. मग डॉक्टरांनी इंग्रजीत बायोडेटा टाइप केला. उंच, गोरा, निर्व्यसनी, घरकामाची आवड, कांदा बारीक चिरतो, दोन्ही पायांनी खेळतो, कोणतीही जबाबदारी नाही. अपेक्षा: सुस्थितीतील, शांत स्वभावाचा क्लब. शेवटी जन्मतारीख, वेळ आणि गाव. लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकातून युरोपभरच्या क्लबांचे पत्ते उतरवून घेतले आणि आपला पत्ता लिहिलेलं पाकीट आत घालून पत्रं टाकली. अमेरिकनाला मी हळूच सांगितलं की असं कुणी करत नाही. तो म्हणाला, "डॉक करतोय ना. माझ्यासाठी इतकं कुणी केलेलं नाही." मग मीही पाकिटं चिकटवायला बसले.

गावातल्या क्लबवर डॉक्टरांची जास्त भिस्त होती. तिथे ते रोज फोन करायचे आणि "आमच्याकडे पोहे खायला या" म्हणायचे. शेवटी एका शनिवारी सकाळी तिथला असिस्टंट मॅनेजर आला. टकला, घोगरा, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. डॉक्टर अमेरिकनाचे एजंट आहेत अशी त्याची समजूत होती, आणि डॉक्टरांची समजूत होती की हा मुलाकडचा मामा आहे.

"तुमच्याकडे आधीचे किती आहेत?" डॉक्टरांनी विचारलं. म्हणजे मागे खेळणारे.

"चार."

"चार थोरल्या जावा," डॉक्टर मला मराठीत म्हणाले. मग इंग्रजीत, "सांभाळून घेतात का?"

"बरे आहेत."

"शेवटचा का सोडून गेला?"

"बायकोला गाव आवडलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. तेवढ्यात अमेरिकन पोह्यांचा ट्रे घेऊन आला. नजर खाली, पावलं लहान. हे सगळं मीच शिकवलं होतं, आता लपवण्यात अर्थ नाही. त्यानं ट्रे ठेवला आणि खुर्चीच्या टोकाला बसला. खुर्ची कुरकुरली. असिस्टंट मॅनेजरनं पोहे खाल्ले, पुन्हा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. मग कागदपत्रांचं काढलं. युरोपबाहेरच्या खेळाडूला इंग्लंडात वर्क परमिट हवं, आणि ते मिळायला आपल्या देशाच्या टीमकडून भरपूर सामने खेळलेला असावा लागतो. अमेरिकन देशाकडून खेळला नव्हता. डॉक्टर म्हणाले, कागदाचं मी बघतो, मीही कागदावरच आलो होतो. तो म्हणाला, कळवतो.

तो गेल्यावर डॉक्टर हात चोळत म्हणाले, "होकार आहे. एकेचाळीस लग्नांत तीनदा पोहे घेऊन नकार दिलेला नाही कुणी."

गुरुवारी फोन आला. त्यांच्याकडे खाली एक आणि वरच्या पॅसेजमध्ये एक असे दोन फोन होते. मी वरचा उचलला होता, ठेवायला हवा होता, ठेवला नाही. असिस्टंट मॅनेजर म्हणत होता की कागदाचं पुढे पाहता आलं असतं, प्रश्न तो नाही. मुलगा वळायला फार वेळ घेतो. समोरचा त्याच्या मागे जाऊन गोल मारून परत येतो, तरी हा वळतोच आहे. गुणी पोर आहे, तुम्हीच सांगा त्याला. आणि हो, तो ब्रेकफास्ट फार छान होता.

डॉक्टरांनी अमेरिकनाला बसवून सांगितलं की पत्रिका जुळत नाही.

क्लबला मंगळ होता. क्लबची स्थापना म्हणे एका पबमध्ये झाली. पब म्हणजे संध्याकाळ. त्यावरून त्यांनी कुंडली मांडली होती. अमेरिकनानं सगळं लक्षपूर्वक ऐकलं. यावर काही उपाय असतो का, विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं आईला कळवलं. ती म्हणाली, मी सांगितलेली वेळ उन्हाळ्याच्या घड्याळाची होती, एक तास मागे करून बघायला सांग. एवढं होऊन तो जेवायला बसला आणि त्यानं दोनदा वरण घेतलं. त्याच्या मनाला काहीच लागलं नव्हतं. भूल उत्तम बसली होती.

मला मात्र राग आवरेना. ऑगस्ट संपायला दोन आठवडे उरले होते. तो रोज मैदानावर जाऊन डोक्यानं चेंडू मारत होता, उड्या मारत होता, जे त्याला उत्तम येत होतं त्याचाच सराव करत होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर ओट्यापाशी दाण्याच्या कुटाला लेबल लावत होते, तिथे मी त्यांना गाठलं.

"काका, त्याला खरं सांगा. मी ऐकलंय फोनवर."

"दहापासून उलटं मोज."

"मी नाही मोजणार. तुम्ही भूल देता ते समजलं, पण ऑपरेशन कुठाय? नुसती भूल देऊन पेशंट घरी पाठवताय तुम्ही. तो त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि जन्मभर मंगळाला शिव्या देणार."

डॉक्टरांचा हात लेबलावरच थांबला. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात. आमच्या घरात मोठ्यांशी असं कुणी बोललेलं नाही, माझं मलाच कसंतरी झालं. ते खुर्चीवर बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"मुलीलाही हेच सांगितलं मी," ते म्हणाले.

नऊ वर्षांपूर्वी मुलगी एका वेल्श फिजिओथेरपिस्टला घरी घेऊन आली होती. मुलगा चांगला होता, डॉक्टरांना आवडलाही होता. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. डॉक्टर पुण्याला गेले, लक्ष्मी रोडवरून जावयासाठी शर्टपीस घेऊन आले. आणि परत येऊन रिकाम्या घराचं कुलूप उघडलं तेव्हा त्यांच्या मनात आलं, आता ही पण जाणार. मुलीनं तारीख विचारली तर म्हणाले, पत्रिका जुळत नाही. ती हसायला लागली. तिला माहीत होतं ना, बापाचा विश्वास नाही ते. म्हणाली, दाखवा पत्रिका. दाखवायला काही नव्हतं. म्हणाली, मग खरं कारण सांगा.

"मग?"

"मला एकटं राहायची भीती वाटते, हे कसं सांगणार? बाप आहे मी."

तिनं लीड्सला रजिस्टर लग्न केलं. डॉक्टर गेले नाहीत. एकेचाळीस मुलींची लग्नं लावून दिली आणि स्वतःच्या मुलीची पाठवणी केली नाही. हे सांगताना ते रडले नाहीत, पण मी रडले.

चष्मा चढवून ते उठले आणि मागच्या बागेत गेले. अमेरिकन तिथे भिंतीवर चेंडू मारत होता. डॉक्टर म्हणाले, "पत्रिकेचं मी बनवून सांगितलं. तू वळायला वेळ लावतोस, म्हणून नाही म्हणाले."

अमेरिकनानं चेंडू पायाखाली धरला. "मला माहितीय, डॉक. पंधराव्या वर्षापासून सगळे सांगतात."

"मग मंगळावर विश्वास का ठेवलास?"

"बरं वाटलं," तो म्हणाला.

त्या दुपारपासून बागेत वळण्याचा वर्ग सुरू झाला. मध्यभागी, इंग्लंडातल्या बागांत असते तशी, कपडे वाळत घालायची गोल फिरणारी छत्री होती, तिच्याशी अमेरिकन उभा राहायचा. मी ताट आणि पळी घेऊन त्याच्या मागे. ताट वाजलं की त्यानं आवाजाच्या दिशेनं वळायचं. डॉक्टर हॉस्पिटलातलं स्टॉपवॉच घेऊन सेकंद मोजायचे आणि आकडा लेबलावर लिहून छत्रीच्या दांड्याला चिकटवायचे. मी कामावरून येऊन रोज तासभर ताट बडवत होते. पलीकडच्या घरातल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारलं, हा काही सण आहे का. डॉक्टर म्हणाले, हो, पंधरा दिवसांचा. त्यांनी केक पाठवला. दांडा लेबलांनी पांढरा झाला. अमेरिकन खूप सुधारला असं म्हणणं धाडसाचं होईल, पण निदान कुठे वळायचं ते त्याला आधी कळायला लागलं.

ऑगस्टचे सहा दिवस उरले असताना डॉक्टरांच्याच अक्षरातलं एक पाकीट परत आलं. डेन्मार्कच्या समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातल्या क्लबचं. त्यांनी लिहिलं होतं की आम्हाला खेळाडूंच्या व्हिडिओ टेप पुष्कळ येतात, जन्मवेळ आजवर कुणी कळवली नव्हती. तुमचं पत्र आम्ही इथे ऑफिसात मोठ्यानं वाचलं. आमच्याकडे उंच माणूस हवाच आहे, दोन दिवस येऊन खेळून दाखवा. तिथे कागदपत्रांची इतकी कटकट नव्हती. अमेरिकन गेला, खेळला, तिसऱ्या दिवशी फोन आला. घेतलं होतं. वळण्याबद्दल काही म्हणाले का, असं मी विचारलं. म्हणाले, इथे वारा एवढा असतो की चेंडूच उलटा येतो, वळायचं फारसं कामच पडत नाही.

सामान न्यायला तो एका दिवसासाठी परत आला. डॉक्टर सकाळपासून घरभर फिरत होते. नारळ मिळाला, शाल निघाली. मी म्हटलं, "काका, ओटी बायकांची भरतात." म्हणाले, "मग नुसता नारळ दे हातात." पूल मेडो बस स्टेशनवर, विमानतळाला जाणाऱ्या कोच-बससमोर, मी सहा फूट तीन इंचांच्या त्या बाप्याच्या तळहातावर दही घातलं, डॉक्टरांनी शाल पांघरली. खांद्यापर्यंत हात पोहोचेना, म्हणून तो खाली वाकला. ड्रायव्हर बघत राहिला. नमस्कार करताना त्याला खाली बसून पुन्हा उठायला इतका वेळ लागला की कोच चार मिनिटं उशिरा सुटला.

"आणि हे बघ," डॉक्टर त्याला म्हणाले, "मुलगी सासरी गेली की मांडवपरतणीला एकदा माहेरी येते. एकटी नाही, तिकडच्या माणसाला घेऊन. जेवायचं, मान घ्यायचा आणि जायचं."

"ओके, डॉक."

कोच गेल्यावर डॉक्टर तिथल्या बाकावर बसून रडले. मी त्यांना मोजायला सांगितलं नाही.

डिसेंबरात तिकडे थंडीची सुट्टी लागली आणि एका रविवारी दुपारी बेल वाजली. अमेरिकन दारात उभा, आणि शेजारी पांढऱ्या मिशांचा एक रुंद, मुका वाटावा इतका शांत गृहस्थ. हा क्लबचा किटमॅन. म्हणजे खेळाडूंचे शर्ट धुणारा, घड्या घालणारा, सामन्याआधी ज्याचा त्याला वाटणारा. तिकडच्या माणसाला घेऊन यायचं, हे अमेरिकनानं अगदी शब्दशः धरलं होतं. इतरांना प्रकार समजावता समजावता तो थकला होता आणि ह्या एकट्यानं काही विचारलंच नव्हतं, बॅग भरून निघाला होता.

"सासरचं माणूस आहे," डॉक्टर माझ्या कानात म्हणाले. "औक्षण कर."

"मीच का?"

"घरात दुसरं बाईमाणूस आहे का?"

केलं औक्षण. किटमॅन कपाळावर कुंकू घेऊन पाटावर मांडी घालून बसला, पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी व्यवस्थित जेवला, आणि जेवून झाल्यावर पानातल्या उरल्यासुरल्याची सुद्धा घडी घालावी तसं सगळं एका कडेला नीट सारून ठेवलं. डॉक्टर वर गेले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात सेलोफेनमधला शर्टपीस होता. फिकट निळा, बारीक रेघांचा. मला लगेच कळलं तो कुठला ते. मला वाटलं, बरंच झालं, नऊ वर्षं पडून राहिला, कुणाच्या तरी अंगाला लागेल.

त्यांनी हळदीकुंकू लावून तो पुढे केला. किटमॅननं दोन्ही हातांनी घेतला आणि आयुष्यभर कपडे हाताळणारा माणूस करील तसा आधी उलटून पाहिला. मागच्या बाजूला लेबल होतं. नाव, तारीख, सही. ते काढायचं डॉक्टरांना सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल, सांगता येत नाही. किटमॅननं ते नाव सावकाश, मोठ्यानं वाचलं. डॉक्टरांच्या जावयाचं नाव त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

"हे माझं नाव नाही," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी सावकाश पण स्वच्छ होतं. "मी तीस वर्षं शर्ट वाटतो. ज्याचं नाव, त्यालाच देतो. दुसऱ्याला कधी दिलेला नाही." आणि त्यानं तो शर्टपीस परत डॉक्टरांच्या हातात ठेवला.

डॉक्टर उभेच राहिले. हातातलं सेलोफेन कुरकुरत होतं. मी पुरीचा झारा धरून स्वयंपाकघराच्या दारात. शेवटी अमेरिकन हलकेच म्हणाला, "दहापासून उलटं मोजा, डॉक."

डॉक्टर मोजायला लागले. मराठीत, पुटपुटत. दहा, नऊ, आठ, सात. सातला थांबले आणि फोनपाशी गेले. लीड्सचा नंबर त्यांना पाठ होता.

पलीकडे कुणीतरी पुरुषानं उचलला. डॉक्टरांनी आपलं नाव सांगितलं नाही, काही सांगितलं नाही. इंग्रजीत एवढंच विचारलं, "तुझ्या छातीचं माप काय?"

मग आकडा आला असावा, कारण त्यांनी खिशातून पेन काढून तो लेबलावर, नावाच्या खाली लिहिला.

"बाहीचं पण," किटमॅन पाटावरून म्हणाला.

डॉक्टरांनी बाहीचं विचारलं आणि लिहिलं. पेन टेबलावर ठेवलं. मग फोन पलीकडे दुसऱ्या कुणीतरी घेतला, कारण डॉक्टरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ते मराठीत बोलायला लागले.

"अगं, मी," ते म्हणाले. "मी पत्रिका बघितलीच नव्हती."